पोच दिली, उत्तर नाही

प्रिय बेटा,

काल रात्री तुझा मेसेज वाचून आधी हसू आलं, मग कीव आली. लंडनच्या मॅनेजरनं सुचवलं की रिपोर्ट गुरुवारऐवजी बुधवारी आला तर बरं. तू उत्तरात एकच शब्द धाडलास, 'नोटेड'. तासाभरानं त्यांनीच तुला विचारलं, सगळं ठीक आहे ना? आणि आता तू मला विचारून राहिली, "मावशी, माझं चुकलं काय?"

चुकलं काही नाही. तू पोच दिलीस, त्यांना उत्तर हवं होतं.

बुटीबोरीच्या कारखान्यात लागण्याआधी मी सिव्हिल लाइन्समध्ये एका वकिलांकडे टायपिंग करायची. जीपीओत जाऊन रजिस्टर्ड नोटिसा टाकायच्या आणि मग पोचपावती परत आली का ते बघत बसायचं. त्या पावतीवर सही करणारा नोटिशीतलं काहीच कबूल करत नाही. पाकीट हाती पडलं, इतकंच. 'नोटेड' ही तसलीच सही आहे. आपण फाइलींवरच्या शेऱ्यांत वाढलेली माणसं, आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. पण सुचवणाऱ्यानं दोन ओळी आपुलकीनं लिहिल्या असतील आणि समोरून हा एकटा शब्द आला, तर त्याला वाटतं, रागावली की काय! 'नोटेड'ला 'ड्यूली' जोडू नकोस. 'ड्यूली नोटेड' बैठकीच्या इतिवृत्तात शोभतं. रोजच्या बोलण्यात त्याचा सूर बहुतेकदा 'कळलं हो, पुरे आता' असा लागतो.

विमानवाल्यांनी हा घोळ फार आधी ओळखला होता. सोनेगावच्या विमानतळावर विमान उतरताना दिसलं की मला हे हमखास आठवतं. रेडिओवरचं 'रॉजर' म्हणजे 'हो' नव्हे. 'रिसीव्ह्ड'चा आर, त्या अक्षराला जुन्या उच्चारमालेत रॉजर म्हणत, म्हणून रॉजर. 1956 पासून त्या अक्षराला रोमिओ म्हणतात, पण हा रॉजर काही गेला नाही. निरोप मिळाला, एवढाच त्याचा अर्थ. सांगितलं तसं करतो म्हणायचं असेल तर वेगळा शब्द आहे, 'विल्को', म्हणजे 'विल कम्प्लाय'. ऐकलं आणि करतो, या दोन गोष्टींना दोन शब्द. तुमच्या ऑफिसातल्या चॅटमध्ये दोन्हींसाठी एकच अंगठा चालतो!

आता माझी फजिती सांगते. कारखान्याच्या एका परदेशी गिऱ्हाइकानं लिहिलं होतं, खोकी पावसाळ्यात ओली होऊन येतात, दुपदरी पुठ्ठा वापरून पाहा. मला म्हणायचं होतं, तुमचा मुद्दा समजला. मी ऐटीत लिहिलं, 'पॉइंट टेकन'. पुढच्या महिन्यात त्यांची मागणी आली: पॅकिंग कच्चं होतं हे तुम्हीच मान्य केलंय, तेव्हा नुकसानीची क्रेडिट नोट द्या. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि चहासुद्धा विचारला नाही. 'पॉइंट टेकन' म्हणजे समजलं नव्हे. तुमचं बरोबर, मी माघार घेते. कुणी आपली चूक दाखवली आणि ती खरंच असली, तर हा शब्द नेमका बसतो. पण त्यात थोडा ताठा असतो, म्हणून मैत्रिणीला जपूनच. 'गुड पॉइंट' निराळं. त्यात तू समोरच्याच्या डोक्याला दाद देतेस, स्वतःची चूक कबूल करत नाहीस. मला त्या दिवशी तेवढंच पुरलं असतं.

'फेअर इनफ' मला आवडतं. पूर्ण पटलं नसलं तरी म्हणणं रास्त आहे, मी वाद घालत नाही, असं ते मोकळं सोडून देणं. बरोबरीच्या माणसाला म्हण. वरिष्ठानं काम सांगितल्यावर म्हटलंस तर ऐकणाऱ्याला वाटेल, तू परवानगी देते आहेस. 'आय हिअर यू' सांत्वनाचं. तुझं दुखणं पोचलं, पुढचं वचन नाही.

आणि ब्रिटिश माणसानं गोड आवाजात 'आय विल बेअर दॅट इन माइंड' म्हटलं, तर लगेच खूश होऊ नकोस. कधी तो खरंच लक्षात ठेवतो. पण पुष्कळदा ते आपल्या 'पाहू ना बावा'चं सूट घातलेलं भावंड असतं. नकार द्यायचा नाही, होकार तर नाहीच. 'टेक ऑन बोर्ड'चंही तसंच. फरक पुढच्या वाक्यात कळतो. त्यानं तारीख, नाव, एखादं काम जोडलं तर खरं. नुसता पूर्णविराम आला की ते गेलं.

म्हणून आज उत्तर लिहिताना शब्द शोधत बसू नकोस, तारीख लिही. 'दॅट मेक्स सेन्स, थँक यू. आय विल सेंड इट ऑन वेन्सडेज फ्रॉम धिस वीक.' पटल्याचं आलं, आभार आले, काय करणार तेही आलं. घाईत असलीस तर 'विल डू' चालेल. छोटं असलं तरी ते वचन आहे. आणि बुधवार जमणारच नसेल तर आजच सांग, 'विल डू' म्हणून गुरुवारी पाठवू नकोस. हो, आणि आभार मानताना 'अ‍ॅडव्हायसेस' लिहू नकोस. इंग्रजीत सल्ला मोजत नाहीत, 'सजेशन्स' मात्र मोजतात.

इथं ऊन भयंकर आहे. कूलरवाल्याला चारदा सांगितलं की मोटर बदलून दे आणि ताट्याही नव्या लाव. आत्ता फोनवर म्हणाला, "हाव मावशी, पाहतो ना." दुसरा शोधून राहिले.

तुझी,
मावशी