‘इंजेक्शनसाठीच आलाय’ असा शिक्का बसतो तेव्हा

जुनं दुखणं घेऊन रात्री कॅज्युअल्टीत गेलेल्या रुग्णावर नशेचा संशय घेतला गेल्याच्या तक्रारी ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांनी कळवल्या आहेत. त्यांतल्या चार पत्रांची उत्तरं या वेळी देत आहोत.

धाकट्या भावाच्या मणक्याचं दोनदा ऑपरेशन झालंय. टॅपेंटाडॉल आणि प्रीगॅबलिन ही दुखण्याची औषधं रोज चालू आहेत. अधूनमधून रात्री अशी कळ येते की कूसही बदलता येत नाही. मागच्या वेळी त्याने इंजेक्शनचं नाव घेताच ड्युटीवरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि ‘याला सवय लागलीय, सांभाळा’ म्हणाले. मग सांगायचं तरी कसं?
— वाचक, वर्तकनगर, ठाणे

आधी समोरच्याची बाजू बघू, कारण उपाय तिथूनच निघतो. डॉक्टरांपुढे कोरा केस पेपर असतो आणि माणूस पहिल्यांदाच पाहिलेला. नशेसाठी विकल्या जाणाऱ्या कोडीनच्या कफ सिरपचे साठे पकडल्याच्या बातम्या ठाणे-भिवंडी पट्ट्याला नवीन नाहीत. बनावट चिठ्ठ्या घेऊन येणारेही असतात. त्यात 2018 मध्ये ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आणि धास्ती आणखी वाढली. अशात ‘अमुकच इंजेक्शन द्या’, ‘बाकी कशाने फरक पडत नाही’, ‘बाकीच्यांची अ‍ॅलर्जी आहे’ ही वाक्यं कानावर पडली आणि सोबत फाइल नसली, की पाल चुकचुकते. पंचाईत अशी की खरा रुग्णही हेच बोलतो, कारण मागच्या खेपांना काय लागू पडलं ते त्यालाच ठाऊक असतं.

दुसरं म्हणजे, वर्षानुवर्षं दुखणाऱ्या माणसाची नाडी आणि बीपी कळ असतानाही नॉर्मल असू शकतं. तो ओरडत नाही. मोबाइलमध्ये डोकं घालून लक्ष दुसरीकडे वळवतो. त्यावरून ‘याला काही दुखत नाही’ असं ठरवणं चूक आहे, आणि हे आम्ही वाचकांमधल्या डॉक्टरांनाही सांगतो आहोत.

म्हणून औषधाचं नाव तोंडाने नको, कागदाने सांगा. ज्यांच्याकडे नेहमीचे उपचार चालतात त्यांच्याकडून लेटरहेडवर एका पानाचं पत्र घ्या. त्यात आजाराचं नाव, ऑपरेशनच्या आणि शेवटच्या एमआरआयच्या तारखा, रोजची औषधं किती मिलिग्रॅम आणि किती वाजता, क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) ताजा रिपोर्ट, आधीच्या कळीत कोणत्या डोसने आराम पडला, आणि कोणतं औषध का चालत नाही हे सगळं यायला हवं. ‘अ‍ॅलर्जी’ एवढंच लिहून भागत नाही. अंगावर पित्त उठलं, श्वास लागला, की नुसती उलटी झाली, हे हवं. उलटी म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे, आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते. शेवटी ‘कळ आल्यास हे द्यावं, इतकं द्यावं’ अशी ओळ, सही-शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर आणि रात्री लागेल असा फोन. पत्र दर तीन महिन्यांनी नवं करून घ्या. दोन वर्षांपूर्वीचा चुरगळलेला कागद उलट संशय वाढवतो. सोबत गोळ्यांच्या स्ट्रिप न्या आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते खरं सांगा. टॅपेंटाडॉल आणि प्रीगॅबलिन दोन्ही गुंगी आणतात. त्यावर आणखी एक जड औषध पडलं तर श्वास मंदावू शकतो, तेव्हा इथे लपवाछपवी जिवावर बेतेल. त्या रात्री दारू घेतली असेल तर तेही सांगा.

वेदना सांगताना नुसतं ‘दहापैकी दहा’ म्हणू नका. ‘रोज चार असतं, तेवढ्यात कामावर जातो. आज संध्याकाळपासून नऊ आहे, बाथरूमपर्यंत चालता आलं नाही’ असं सांगा. रोजच्यात आणि आजच्यात काय फरक पडला हे डॉक्टरांना कळायला हवं.

एवढं करूनही नकार मिळाला तर आवाज चढवू नका. ऑन-कॉल ऑर्थोपेडिक किंवा भूलतज्ज्ञांना विचारण्याची विनंती करा. तपासणीत काय आढळलं आणि औषध का दिलं नाही, हे केस पेपरवर लिहून मागा. लिहायची वेळ आली की बरेचदा पुन्हा नीट तपासणी होते. आणीबाणीच्या रुग्णाला तातडीचे उपचार देणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितलंय. रुग्णाने कागदपत्रं मागितली तर ती 72 तासांत देणं वैद्यकीय परिषदेच्या नियमांनी बंधनकारक आहे.

एक धोका मात्र आम्हाला संशयापेक्षा मोठा वाटतो. ‘जुनंच दुखणं आहे’ असं डॉक्टर म्हणतात आणि घरचेही म्हणतात. लघवी अडणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागेला बधिरपणा, पायातली ताकद अचानक जाणं, कळीबरोबर ताप, यांतलं काहीही दिसलं तर दारातच ‘हे नवीन आहे’ असं आधी सांगा. मज्जातंतूंवर दाब आला असेल तर उशीर परवडत नाही. तिथे प्रश्न इंजेक्शनचा राहत नाही, तातडीच्या एमआरआयचा असतो.

पत्नीला सिकलसेल आहे, माहेर शहापूरकडचं. हातपाय आणि कंबर मोडून येते. गेल्या वेळी ‘हिमोग्लोबिन नेहमीएवढंच आहे, बीपी ठीक आहे’ म्हणत तीन तास नुसतं बसवून ठेवलं.
— वाचक, ऐरोली

सिकलसेलची कळ सिद्ध करणारी कोणतीही रक्ततपासणी नाही. विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाला रक्त कमी पडतं, म्हणून हाडं ठणकतात. हिमोग्लोबिन तेव्हा नेहमीएवढंच असू शकतं. अशा रुग्णाला आल्यापासून तासाभरात वेदनाशामकाचा पहिला डोस मिळावा आणि नंतर दर अर्ध्या-एक तासाने पुन्हा तपासावं, असं अमेरिकेतल्या रक्तविकार तज्ज्ञांच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ही ओळ पत्नीच्या डॉक्टरांकडून पत्रात घालून घ्या. पेथिडीन हे वेदनाशामक टाळावं, हेही लिहून घ्या. त्यातून तयार होणारा घटक शरीरात साठला की झटके येऊ शकतात. 2023 पासून केंद्राच्या सिकलसेल मोहिमेत तपासणी झालेल्यांना कार्ड मिळतं. ते पर्समध्येच राहू द्या. छातीत दुखणं, धाप लागणं, ताप, तोंड वाकडं होणं, यांतलं काही असेल तर ते सगळ्यात आधी बोला.

वडिलांना कॅन्सरच्या दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या चालू आहेत. मुतखड्याची कळ आली म्हणून जवळच्या नर्सिंग होममध्ये फोर्टविन-फेनरगन दिलं. अर्ध्या तासात घाम, जांभया, अंगावर काटा, पोटात मुरडा, आणि दुखणं दुप्पट! सिस्टर म्हणाल्या, ‘ही नशेची लक्षणं आहेत.’ बाबा फार खजील झाले. त्यांना व्यसन लागलंय का?
— वाचक, खारघर

नाही. तुम्ही लिहिलंय ते औषधांच्या टकरीचं चित्र आहे. फोर्टविन म्हणजे पेंटाझोसिन. मॉर्फिन मेंदूत ज्या जागी बसून काम करतं, तिथून ते मॉर्फिनला हुसकावतं, आणि स्वतः मात्र तेवढा आराम देत नाही. रोज मॉर्फिन घेणाऱ्याच्या शरीरात त्यामुळे एकदम तुटवडा पडतो. काही आठवडे सलग मॉर्फिन घेणाऱ्या कुणालाही असंच होईल. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची गोळी बरेच दिवस घेऊन एकाएकी बंद केली तर त्रास होतो, आणि त्या माणसाला कुणी व्यसनी म्हणत नाही. व्यसनात दुखणं नसतानाही गोळीची ओढ असते, डोस हाताबाहेर जातो, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही. वेळेवर, सांगितलेल्या मापात गोळी घेणारे वडील यात बसत नाहीत. हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा, खजील होण्यासारखं त्यांनी काही केलेलं नाही.

फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा: ‘रोज मॉर्फिन चालू. पेंटाझोसिन, ब्युटॉर्फेनॉल, नालब्युफिन देऊ नये. ब्युप्रेनॉर्फिन तज्ज्ञांना विचारूनच.’ या औषधांचीही मॉर्फिनशी अशीच टक्कर होऊ शकते. मॉर्फिन जिथून मिळतं तिथल्या चिठ्ठीची प्रत सोबत ठेवा. रुग्णाने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मॉर्फिन बाळगणं कायदेशीर आहे. आणि आता घाबरून गोळी बंद करू नका. कमी करायचीच असेल तर डॉक्टर टप्प्याटप्प्याने करतील.

ट्रॅमाडॉल घेताना केमिस्ट माझं नाव वहीत लिहितो. ही नोंद पोलिसांकडे जाते का?
— वाचक, नेरूळ

नाही, आपोआप कुठेही जात नाही. हे औषध ‘एच-वन’ यादीत आहे. त्यासाठी केमिस्टला डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि मात्रा वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. औषध निरीक्षक ते तपासतात. ही नोंद तुमच्याच बाजूची आहे: एकच डॉक्टर, एकच दुकान, ठरलेलं अंतर, हे त्यातून दिसतं. दरवेळी बिल घ्या आणि फाइलला लावा. स्ट्रिप संपायच्या तीन-चार दिवस आधीच चिठ्ठी नवी करून घ्या, म्हणजे रविवारी रात्री गोळ्या संपल्या म्हणून कॅज्युअल्टी गाठायची वेळ येणार नाही.