पांढऱ्या पट्ट्या आणि डोरियन

प्रश्न : लहानपणी पेटी शिकले होते, थाट अजून पाठ आहेत. आता मुलीबरोबर पियानो शिकते आहे. तिच्या पुस्तकात दिलंय की डीपासून वरच्या डीपर्यंत नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या की डोरियन मोड होतो. तसं वाजवून बघते, पण मला सी मेजरच ऐकू येतो, फक्त मधूनच सुरू केलेला. काय चुकतंय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचा कान अगदी बरोबर सांगतोय. सी मेजर म्हणजे सी सा धरून वाजवलेल्या याच सात पांढऱ्या पट्ट्या. पांढऱ्या पट्ट्यांची ही युक्ती पाठ करायला सोपी आहे, पण विद्यार्थ्यांना मी ती सुरुवातीला सांगतच नाही. सूर कोणते ते तिच्यातून कळतं, सा कुठे ते कळत नाही. मोड म्हणजे ठरलेल्या सापासून मांडलेले सात सूर, मग सा ठरल्याशिवाय मोड कसला?

तुम्ही पेटीवाल्या, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. पांढरी दोन, म्हणजे डी, सा धरा. ई झाला रे, एफ कोमल ग, जी म, ए प, बी शुद्ध ध आणि सी कोमल नी. म्हणजे काफी थाट, रागांची वर्गवारी करणाऱ्या सात सुरांच्या मांडण्यांपैकी एक! फक्त त्यात काफी राग शोधू नका. रागाला चलन असतं, म्हणजे सूर कसे फिरवायचे याची ठरलेली रीत, मोड हा नुसता सुरांचा संच.

आता डाव्या हाताने खालचा डी आणि ए, म्हणजे सा-प, एकत्र दाबून धरा. पियानोचा सूर विरत जातो, म्हणून विरण्याआधी पुन्हा दाबा. तो सा कानात बसेपर्यंत उजवा हात मांडीवरच राहू दे. मग सा ते प एवढेच पाच सूर फिरवा. इथवर साधा मायनरच, म्हणजे कोमल गचा रंग, वाटेल. आता बीवर जा आणि थांबा. घाईने सी घेऊ नका. डोरियनचं सगळं तेज या शुद्ध धैवतात आहे. बीच्या जागी काळी पाच, म्हणजे बीच्या लगेच डावीकडची काळी पट्टी, घेऊन बघा, ध कोमल होईल, थाट आसावरी होईल आणि रंग एकदम काळवंडेल. पुन्हा बीवर या. दोन-तीनदा असं केलंत की फरक कान विसरणार नाही.

कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेले सूर, लावताना डी मायनर आणि जी मेजर हीच जोडी पुरे, कारण जी मेजरमध्ये तो बी आहे. मात्र त्या जीमध्ये एफ मिसळू नका. एफ आणि बी एकत्र वाजले की एफ ईकडे आणि बी सीकडे ओढला जातो आणि सी पुन्हा सा होऊन बसतो. तुमचंही बहुधा तेच होतंय, बीवरून थेट सीवर जाऊन तिथेच विसावत असाल. वाक्य डीवर संपवा, नाहीतर एवर.

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची १९५९ सालची ‘सो व्हॉट’ ही रचना मुलीबरोबर जरूर ऐका. सुरुवातीला बास एक वाक्य बोलतो आणि पियानोवर बिल एव्हान्स दोन कॉर्डमध्ये उत्तर देतो. खालून वर ई-ए-डी-जी-बी, मग डी-जी-सी-एफ-ए. सगळ्यात वरचा सूर ऐका: बीवरून एवर, म्हणजे धवरून पवर उतरतो. हे दोन्ही हातांत वाटून वाजवता येतं, खालचे दोन सूर डाव्याला, वरचे तीन उजव्याला.

त्या रचनेचं आवर्तन ३२ बारचं (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट) आहे. पहिले १६ डी डोरियन, पुढचे ८ अर्ध्या सुराने वर, म्हणजे काळी दोन सा, आणि शेवटचे ८ परत डी. त्या मधल्या आठ बारमध्ये पाचही काळ्या पट्ट्या लागतात आणि पांढऱ्या दोनच: एफ हा रे आणि सी हा ध. हे हळू लयीत रोज करा, तोंडाने सरगम म्हणत. मुलीलाही म्हणायला लावा.