पासोडी, पेटी आणि डावा हात

छत्रपती संभाजीनगर
मे महिना, रात्रीचे साडेदहा

प्रिय लेकरा,

काल क्लास संपल्यावर दारात चपला घालता घालता तू विचारलंस, "मॅडम, आजीकडे अंबाजोगाईला पियानो नाही, तीन आठवडे मी काय करू?" तुझी आई खाली रिक्षा थांबवून उभी होती, म्हणून मी नुसतं "बघू" म्हणाले. रात्री जेवताना ते "बघू" घशात अडकलं. म्हणून हे पत्र.

आधी तुझा जीव भांड्यात पडू दे. तीन आठवड्यांत हात जात नाही. वेग थोडा उतरतो, बोटांचा सारखेपणा बिघडतो आणि गेल्या पंधरा दिवसांत घाईघाईने बसवलेलं पान पुसट होतं. मुरलेलं असतं ते चार-पाच दिवसांत परत येतं. त्यामुळे पहिले चार दिवस तू काहीच करू नकोस. आमरस खा, मावसभावंडांशी भांड, गच्चीवर झोप. हे मी मनापासून सांगतेय. सुट्टीत रोज "आज प्रॅक्टिस राहिली" म्हणत कुढणारी मुलं मी पाहिलीत. त्यांची प्रॅक्टिसही होत नाही आणि सुट्टीही होत नाही.

आता माझी फजिती ऐक. मी तुझ्याएवढी असताना मामाकडे परळीला महिनाभर गेले होते. जाताना मोठ्या फुशारकीने ठरवलं की रोज एक तास वाजवायचं. पियानो कुठला? देवघरातला जेवणाचा पाट घ्यायचा, ओसरीवर मांडायचा आणि त्यावर बोटं नाचवायची. मामी शेजारणींना बोलावून दाखवायची, "पोरगी बघा कशी, बाजा नाही तरी वाजवते!" मला काय, स्वर्ग दोन बोटं. परत आल्यावर सरांसमोर बसले आणि दुसऱ्याच ओळीत उजव्या हाताची गाडी रुळावरून घसरली. चौथ्या बोटाच्या जागी मी महिनाभर तिसरं टाकत होते. पाटावर कुठलंही बोट कुठेही पडलं तरी "टक" एवढाच आवाज, मग चूक कळणार कशी? तीस दिवस रोज एक तास मी ती चूक पाठ करत होते, आणि ती उकलायला दसरा उजाडला. सर रागावले नाहीत. फक्त पियानोचं झाकण हळूच बंद केलं आणि म्हणाले, "आता गाऊन दाखव." मला गाता आलं नाही. तेव्हा कळलं की मी महिनाभर हात हलवला होता, संगीत एक थेंबही केलं नव्हतं.

रॉबर्ट शुमान या जर्मन संगीतकाराचंही हेच म्हणणं होतं. त्याच्या काळी प्रवासात नेण्यासाठी मुके कीबोर्ड मिळायचे. त्याने तरुणांना सांगितलं की थोडे दिवस वापरून बघा, म्हणजे ते काही कामाचे नाहीत हे कळेल. मुक्याकडून बोलणं शिकता येत नाही.

पण याला दुसरी बाजू आहे. १९९५ मध्ये अल्वारो पास्कुअल-लिओन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पियानो न येणाऱ्या माणसांना एका हाताचा पाच बोटांचा धडा दिला, रोज दोन तास, पाच दिवस. एका गटाने तो खरा वाजवला. दुसऱ्या गटाने पियानोसमोर बसून नुसता मनात वाजवला, बोट हलवायचं नाही. मेंदूचा जो भाग बोटं चालवतो त्यात दोन्ही गटांत सारखाच बदल दिसला. प्रत्यक्ष वाजवण्यात मनातला गट मागे होता, पण नंतर एकदाच दोन तास खरं वाजवल्यावर तो पहिल्या गटाच्या पाचव्या दिवसाच्या जागी येऊन पोहोचला.

मग माझ्या पाटाने मला का बुडवलं? कारण माझी बोटं चालू होती आणि डोकं मामीच्या कौतुकाकडे होतं. म्हणून तुला एकच नियम घालून देते: गळा थांबला की हात थांबला. जे तुला गाता येत नाही, निदान मनात लख्ख ऐकू येत नाही, ते बोटांनी करायचं नाही.

यासाठी तुझा मिन्युएट, म्हणजे तो जुन्या युरोपी नाचाच्या चालीचा छोटा तुकडा, अगदी बरोबर आहे. (सगळे त्याला बाख या जर्मन संगीतकाराचा म्हणतात. तो ड्रेस्डेनच्या क्रिस्टियान पेट्झोल्ट नावाच्या ऑर्गनवादकाचा आहे; बाखच्या बायकोच्या १७२५ च्या वहीत उतरवलेला सापडला, म्हणून नाव चिकटलं. परीक्षेत कुणी विचारलं तर सांग, नाही विचारलं तर गप्प बस.) तो जी मेजरमध्ये आहे, म्हणजे आपली पांढरी पाच (सी पासून मोजत गेलं की पाचवी पांढरी पट्टी). तिला सा धर आणि पहिले चार बार (तीन-तीन मात्रांचे तुकडे) गा: प, सा रे ग म, प, सा, सा. ध, म प ध नी, सां, सा, सा. शुद्ध नी तेवढी काळी तीनवर, बाकी सगळं पांढऱ्यांवर. हे तुला येतंच, मला ठाऊक आहे. उजवा हात सगळ्यांनाच गाता येतो.

आता डावा गा. पहिल्या बारमध्ये सा, मग रे. पुढे प्रत्येक बारला एकच लांब स्वर: ग, म, ग, रे, सा. इतकंच. पण तू गेले दोन महिने हा डावा हात वाजवतेस, आणि काल मी मध्येच तुला थांबवून "डाव्यात आता काय आहे?" विचारलं तेव्हा तू छताकडे बघितलंस. डावा हात तुझ्या बोटांना पाठ आहे, तुला नाही. घरी पियानो समोर असतो, बोटं चालतात, आपल्याला वाटतं येतंय. पियानो नसलेल्या गावी हे झाकलेलं उघडं पडतं, आणि माझ्या मते सुट्टीचा खरा फायदा हाच आहे.

तर पाचव्या दिवसापासून, सकाळी ऊन चढायच्या आत वीस मिनिटं. डावा हात मोठ्याने गायचा आणि उजवा मांडीवर वाजवायचा. रोज चारच बार. बत्तीस बार आहेत, म्हणजे आठ दिवसांत एक फेरी. भावंडं हसतील. हसू दे. दोन दिवसांनी तीच गुणगुणायला लागतील, मग त्यांना उजवा हात गायला लाव आणि तू डावा धर.

बोटांच्या जागा, अंगठा खालून नेणं, उडी किती लांब, यासाठी पट्ट्या दिसायला हव्यात. त्याला कागद नको, फाटतो. अंबाजोगाईत कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचं फ्लेक्स चौकात लागलेलं असतंच. उतरवलेलं एखादं मागून आण. पाठ पांढरी असली की झालं. मार्करने आख. पांढऱ्या सात पट्ट्या मिळून साडेसोळा सेंटीमीटर, म्हणजे एक पट्टी साडेतेवीस मिलिमीटर. लांबी पंधरा सेंटीमीटर, काळ्यांची साडेनऊ. चार सप्तकं आखलीस तर सहासष्ट सेंटीमीटरमध्ये बसतात. माप चुकवू नकोस, नाहीतर माझ्या पाटासारखं हात भलतंच शिकतील. मामा विचारतील हे काय, तर म्हणावं पासोडी! संतकवी दासोपंतांनी चारशेहून जास्त वर्षांपूर्वी तुझ्या आजोळी कापडावर ग्रंथ लिहिला, ती पासोडी अजून गावात जपून ठेवलेली आहे. तुझ्या पासोडीवर फक्त पट्ट्या असतील, मजकूर तू गाऊन भरायचा.

आता पेटी. आजीच्या गल्लीत भजनी मंडळ आहे असं तू म्हणाली होतीस. पेटीला नाक मुरडू नकोस, पण न विचारता हातही लावू नकोस. मंडळाची पेटी म्हणजे घरातल्या सुनेसारखी असते, सगळ्यांचा तिच्यावर डोळा असतो. जे काका वाजवतात त्यांना नमस्कार करून विचार. बहुतेक देतील, आणि शेजारी बसून चार गोष्टी सांगतीलही.

पेटीवर सप्तकं तीन-साडेतीनच, पट्ट्या आखूड आणि हलक्या, शिवाय डावा हात भात्यात गुंतलेला. म्हणून दोन्ही हातांचं वाजवायचंच असेल तर एखाद्या भावाला भात्यावर बसव. पेटी काय शिकवणार नाही ते आधी ऐक: बोटाने हळू-जोरात. ते काम तिथे भाता करतो, पट्टी कितीही बडवली तरी आवाज तेवढाच. पण जोडून वाजवणं पेटीसारखं कुणी शिकवत नाही. पियानोचा स्वर आपोआप विरतो, वर स्वर लांबवणारा पायातला पेडल असतो, त्यामुळे आपला फटकळपणा झाकला जातो. पेटीवर पट्टी दाबलेली आहे तोवर स्वर ठणठणीत उभा. बोट लवकर उचललंस की मध्ये भोक पडतं, उशिरा उचललंस की दोन स्वर एकमेकांत सांडतात. प, सा रे ग म हे एवढंच पेटीवर वाजव, अगदी सावकाश. स्वतःची लाज वाटेल. मला तर अजून वाटते.

आणि एका संध्याकाळी काहीही न वाजवता भजनाला बस. गाणाऱ्यांनी सूर लावला की मनात ओळख, काळी एक आहे की पांढरी चार. मग पेटीवाल्या काकांच्या बोटांकडे बघून ताळा कर. जालन्याकडचे अप्पा जळगावकर भीमसेन जोशींसारख्या गवयाला पेटीची साथ करायचे. समोरचा गवई कुठे वळणार हे साथीदाराला त्याच्या तोंडाकडे आणि सुराकडे लक्ष ठेवून ओळखावं लागतं. तुझ्या डाव्या हाताचं उजव्याशी नातं याहून वेगळं नाही.

किरकोळ गोष्टी राहिल्या. एसटीत पान उघडून बसू नकोस, मांजरसुंब्याच्या घाटात उलटी होईल. जाण्याआधी दोन्ही हात वेगवेगळे फोनवर रेकॉर्ड कर आणि खिडकीशी बसून ऐक. नखं वाढवू नकोस. डिजिटल पियानोचा प्लग काढून मगच घर सोडा, उन्हाळ्यात लाइट कशी ये-जा करते माहीतच आहे. (माझ्या लाकडी पियानोशेजारी गेल्या वर्षी पाहुण्यांनी कूलर लावला होता. आठ दिवस ओली हवा खाऊन तो असा बेसूर झाला की ट्यूनरची वाट बघत पुढचा महिना मी तोंड पाडून बसले.)

परत आलीस की पहिल्या दिवशी तासभर बसायचं नाही. पेटीनंतर पियानोच्या पट्ट्या जड लागतील, मनगट आखडेल, आणि राहिलेलं भरून काढायच्या नादात दुखणं घेशील. वीस मिनिटं, तीही निम्म्या लयीत. तिसऱ्या दिवशी हात आपसूक मोकळा होईल.

पुढच्या रविवारी सकाळी आठला आजीच्या फोनवर फोन करते. हॅलो-बिलो काही नको, उचलल्या उचलल्या डावा हात गा.

तुझी,
पियानोची मॅडम

ता. क. आजीला म्हणावं, लोणच्याची बरणी मी विसरलेली नाही.