तार तुटली, चूक कोणाची?

प्रश्न : गेल्या वर्षी जूनच्या वादळी पावसात विजेची तार तुटून बांधावर पडली आणि तिच्यावर पाय पडून माझा धाकटा भाऊ दगावला. तार वाऱ्याने तुटली, शिवाय तिच्यावर कोणीतरी आकडा टाकला होता, त्यामुळे आमची चूक नाही, असे सांगून वीज कंपनीने भरपाई नाकारली. कंपनीची चूक आम्ही कशी सिद्ध करावी?
— एक वाचक, जि. परभणी

उत्तर : ती सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर नाही. एरवी भरपाई मागणाऱ्याला समोरच्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. परंतु जो मुळातच धोकादायक असलेली वस्तू बाळगतो, त्याने काळजी घेतली असली तरी ती निसटून झालेल्या हानीस तोच जबाबदार, हे कठोर दायित्वाचे तत्त्व इंग्लंडमध्ये १८६८ साली रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात कायम झाले आणि आपल्या न्यायालयांनीही ते स्वीकारले. त्याला काही अपवाद आहेत, आणि कंपनी त्यांतील दोन पुढे करीत आहे : दैवी आपत्ती आणि तिऱ्हाइताचे कृत्य.

पहिला फारसा टिकणारा नाही. जूनमधले वादळ मराठवाड्यात कोणालाच अकल्पित नसते. दुसऱ्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मध्य प्रदेश विद्युत मंडळाच्या खटल्यात दिले आहे. तेथेही पावसाळी रात्री रस्त्यावर पडलेल्या तारेने एका सायकलस्वाराचा बळी घेतला होता आणि वीजचोराने तार ओढल्याचा बचाव मंडळाने केला होता. अशी चोरी रोखणे हे मंडळाचेच काम आहे, असे सांगून न्यायालयाने तो फेटाळला. मात्र भावाने तार पाहूनही ती हाताने बाजूला सारण्याचा प्रयत्न केला होता, असे पुढे आले, तर दावा कमकुवत होईल.

अभियंत्यावर गुन्हा नोंदवला असल्यास तो विषय वेगळा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली शिक्षा व्हायची, तर त्या व्यक्तीचा निष्काळजीपणा निःसंशय सिद्ध व्हावाच लागतो. पण अभियंता निर्दोष सुटला म्हणून भरपाईचा दावा आपोआप पडत नाही. गुन्ह्याच्या निकालाची वाट पाहत बसणे धोक्याचे आहे, कारण १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखालील दाव्याची मुदत मृत्यूपासून दोनच वर्षे आहे. या कायद्यानुसार भरपाई पत्नी, मुले व आईवडील यांना मिळते, भावाला नाही. त्यामुळे दावा त्यांच्यासाठी दाखल करावा आणि पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल व विद्युत निरीक्षकाचा चौकशी अहवाल यांच्या प्रती आताच मिळवाव्यात.