गेम लाइव्ह स्ट्रीम करायला नेटचा स्पीड किती आणि कॉम्प्युटर कसला लागतो?

तुम्ही लिहिलंय की घरी ४० एमबीपीएसचा फायबर प्लॅन आहे, पीसी दहाव्या पिढीचा आय-थ्री, रॅम ८ जीबी, ग्राफिक्स कार्ड नाही. व्हॅलोरंट यूट्यूबवर लाइव्ह करायचाय आणि नव्या पीसीसाठी वडिलांकडे ८० हजार मागायच्या बेतात आहात. जरा दम धरा. आत्ता आहे त्यावर काय होतं ते आधी बघू.

मिरजेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि २०२१ पासून रात्री शटर ओढल्यावर मी स्वतःही स्ट्रीम करतो. बघणारे मोजकेच, पण या धंद्यातली बहुतेक माती मी स्वतः खाऊन झालीय.

पहिली गोष्ट म्हणजे ते ४० डाउनलोडचे आहेत. लाइव्ह करताना तुम्ही बघणारे नसता, पाठवणारे असता, म्हणजे कामाचा आकडा अपलोडचा. काही प्लॅनमध्ये दोन्ही सारखे मिळतात, काहींत अपलोड चौथाईच असतो, आणि प्लॅन विकताना त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. केबलवाल्याला सरळ विचारा, ‘अपलोड किती?’ त्याच्या उत्तरावरही विसंबू नका. रात्री नऊ-साडेनऊला, गल्लीत सगळ्यांचे टीव्ही-मोबाइल चालू असताना, तीन-चार दिवस स्पीड टेस्ट घ्या. त्यातला सगळ्यात खालचा आकडा हाच तुमचा स्पीड. सकाळी अकराचा आकडा गावकीत सांगायला ठेवा.

आता लागतं किती? ७२०पी (७२० ओळींचं चित्र), सेकंदाला ३० फ्रेम्स, याला मी बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवायचा डेटा, ३००० केबीपीएस ठेवतो, म्हणजे ३ एमबीपीएस. ७२०पी ६० फ्रेम्सला ४५००. ट्विच या स्ट्रीमिंग साइटवर १०८०पी ६० फ्रेम्स ६००० मध्ये बसवतात. यूट्यूब त्याच चित्रासाठी १२ एमबीपीएस सुचवतं, पण त्याहून कमी दिलं म्हणून दार लावून घेत नाही. चित्र थोडं मऊ दिसतं इतकंच. ठोकताळा असा की बिटरेट तुमच्या खालच्या आकड्याच्या साधारण निम्मा ठेवावा. रात्री अपलोड ८-९ मिळत असेल तर ४५०० निर्धास्त लावा. आणि हो, हे सगळे मेगाबिट, मेगाबाइट नव्हेत, आठने भागायचं. ४५०० वर तासाला साधारण २ जीबी जातात. रोज २ जीबीच्या मोबाइल प्लॅनवर हॉटस्पॉट लावून स्ट्रीम करीन म्हणणारी पोरं दुकानात येतात, त्यांना मी हाच हिशेब कागदावर करून दाखवतो.

निम्माच का, ते माझ्या घरच्या गोष्टीवरून सांगतो. माझं अपलोड १० होतं आणि मी हौसेनं बिटरेट ८००० लावलेला. रोज सव्वानऊ झाले की स्ट्रीम गचके खायचा. एकदा मित्राचा फोन आला, ‘अरे, व्हिडिओ लावलायस की फोटो?’ केबलवाल्याला दोनदा बोलावलं, तार बदलून घेतली, राउटर बदलला, त्याच्यावर तोंडसुखही घेतलं. शेवटी राउटरच्या पानावर कुठलं यंत्र किती पाठवतंय ते बघितलं, तर बहिणीचा मोबाइल! ती ड्यूटीवरून सव्वानऊला घरी यायची, फोन चार्जिंगला लावायची, तो वायफाय पकडायचा आणि दिवसभराचे फोटो वर चढवायला लागायचा. त्यात मामेबहिणीच्या लग्नाचा सीझन. केबलवाल्याला नंतर चहा पाजला.

यातच आणखी एक मेख असते. अपलोडची नळी काठोकाठ भरली की पिंगही, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळही (मिलिसेकंदांत), फुगतो. गेम स्वतः डेटा फार खात नाही, पण त्याची छोटी पाकिटं तुमच्या व्हिडिओच्या रांगेत अडकतात. ३० चा पिंग ३०० होतो आणि तुम्ही कोपऱ्यावरून डोकावायच्या आत मेलेले असता. स्ट्रीम चालू असताना कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग लावून ठेवा. आकडे चढायला लागले तर बिटरेट उतरवा.

राउटरपासून पीसीपर्यंत लॅनची केबल ओढाच. वायफायवर स्पीड टेस्ट झकास येते, पण मध्येच अर्धा सेकंद दम खाणं त्या टेस्टमध्ये दिसत नाही, स्ट्रीममध्ये दिसतं. पंधरा मीटर कॅट-सिक्स केबल आणि चार खिळे, एवढाच खर्च.

आता कॉम्प्युटर. गेम चालतोय म्हणजे स्ट्रीमही चालेल, असं नसतं. खेळता खेळता प्रत्येक फ्रेम दाबून लहान करून पाठवायची असते, आणि ते काम कोण करतं यावर सगळं अवलंबून आहे. स्ट्रीम पाठवायच्या ओबीएस या सॉफ्टवेअरमध्ये एन्कोडर, म्हणजे हे दाबायचं काम करणारा, ‘एक्स२६४’ ठेवला तर ते ओझं प्रोसेसरवर पडतं. चार कोअरच्या आय-थ्रीला व्हॅलोरंट आणि हे दोन्ही मिळून जड जातं. पण तुमच्या आय-थ्रीत, नावापुढे एफ नसेल तर, इंटेलचा क्विक सिंक आहे. म्हणजे व्हिडिओ दाबायला चिपमध्ये वेगळा भाग. एन्कोडरच्या यादीत तो निवडा. एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्स बंद असतं, म्हणून क्विक सिंकही नाही. पण तुम्ही कार्डाशिवाय स्क्रीन बघताय, म्हणजे तुमचा बिनएफचाच आहे.

व्हॅलोरंट हलका गेम आहे, सेटिंग लो करून आतल्या ग्राफिक्सवरही निघतो. ७२०पी, ३० फ्रेम्सवर तुमचं आत्ताच भागायला हवं. रॅम मात्र वाढवा. ८ जीबीत गेम, ओबीएस, ब्राउझर आणि चॅट म्हणजे एका खोलीत चार बिऱ्हाडं. आणखी ८ ची एक पट्टी टाका, दुसऱ्या चॅनेलच्या खाचेत, म्हणजे दोन्ही पट्ट्या जोडीनं चालतात. आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, त्यामुळे त्यालाही हात मिळतो.

पुढे कार्ड घ्यायची वेळ आली तर एनव्हिडियाच्या कार्डात एनव्हेंक नावाचा एन्कोडर असतो, तो बघून घ्या. जीटी १०३० स्वस्त म्हणून बरेच जण उचलतात. त्यात तो नाहीच. साधं जीटीएक्स १६५० आणि १६५० सुपर यांत नावापलीकडे फरक आहे: सुपरमध्ये नव्या पिढीचा, ट्युरिंगचा एन्कोडर, आणि मूळ १६५० मध्ये आधीचा. कमी बिटरेटवर पळापळीचं दृश्य आलं की तो फरक डोळ्यांना दिसतो. सेकंडहँड बघताना दुकानदार दोन्हींना ‘सोळापन्नास’च म्हणतो, तेव्हा खोका उलटून वाचा. सुपरला पॉवरची वेगळी पिन लागते, तुमच्या एसएमपीएसला (पीसीच्या पॉवर सप्लायला) ती आहे का तेही बघा.

वीज गेली तर काय, हे कोणी विचारत नाही. घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं का बघा. साध्या मोडमध्ये लाइट इन्व्हर्टरवर जायला इतका वेळ लागतो की पीसी रिस्टार्ट होतो. राउटरला वेगळा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. आमच्याकडे पावसाळ्यात त्याशिवाय स्ट्रीमचं नावच नको.

आज रात्री एवढं करा. यूट्यूबवर फोन नंबर टाकून लाइव्ह सुरू करायची परवानगी घ्या. पहिल्यांदा ती मिळायला २४ तासांपर्यंत लागतात. उद्या अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसणारा) लाइव्ह लावून अर्धा तास खेळा, बिटरेट सीबीआर (कायम एकसारखा) ३०००, कीफ्रेम (पूर्ण चित्र) दर २ सेकंदांनी. ओबीएसच्या डॉक्स मेनूत स्टॅट्स उघडा. तिथे तीन ओळी दिसतील. ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’ वाढले तर दोष नेटचा, पीसी बदलून काडीचा उपयोग नाही. ‘एन्कोडिंग लॅग’ वाढला तर एन्कोडर दमलाय. ‘रेंडरिंग लॅग’ वाढला तर ग्राफिक्सला श्वास नाही. गेमचे एफपीएस (सेकंदाला फ्रेम्स) ६० वर बांधा आणि ओबीएस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. अर्ध्या तासानंतरचे ते तीन आकडे मला कळवा, मग वडिलांकडे किती मागायचे ते ठरवू.