मुलाखतीत नेत्याचे बोलणे मध्येच का तोडले जाते?

प्रश्न : दूरचित्रवाणीवरील राजकीय मुलाखतींत मुलाखतकार नेत्याचे वाक्य पुरे होऊ देत नाहीत. हा निव्वळ उद्धटपणा आहे, की त्यात भाषेचाही काही वाटा असतो? मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून हे आपल्याकडे अधिक घडते का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : काही वेळा तो उद्धटपणा असतो, काही वेळा मुलाखतकाराचे कर्तव्य असते आणि काही वेळा केवळ अंदाजाची चूक. ही चूक कशी होते, हे ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या १९७९ च्या एका मुलाखतीवरून नीट उलगडते. मानसशास्त्रज्ञ जेफ्री बीटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा अभ्यास करून १९८२ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. थॅचर यांचे म्हणणे पुरे झालेले नसतानाही उपवाक्याच्या शेवटी त्यांचा स्वर झपकन खाली उतरत असे. स्वर असा उतरला की ऐकणाऱ्याला बोलण्याची पाळी आपल्याकडे आली असे वाटते, आणि मुलाखतकार बोलू लागेपर्यंत त्यांचे पुढचे उपवाक्य सुरू झालेले असे. पुढे पीटर बुल आणि केट मेयर यांनी १९८७ च्या निवडणूक मुलाखती तपासल्या, तेव्हा थॅचर आणि त्यांचे प्रतिस्पर्धी, मजूर पक्षाचे नेते नील किनॉक यांना तोडले जाण्याच्या प्रमाणात त्यांना विशेष फरक आढळला नाही. थॅचर मात्र त्याबद्दल उघडपणे तक्रार करत.

आता क्रियापदाविषयी. ‘आम्ही त्या ठरावाला पाठिंबा दिलेला नाही’ हे वाक्य ‘दिलेला’पाशी तोडले, तर नकार घशातच राहतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात उलटाच अर्थ उरतो. मराठी नेत्याला हा धोका खराच आहे, आणि म्हणूनच असे तोडणे मला अक्षम्य वाटते. परंतु अशा वाक्यरचनेमुळे तोडणे वाढते, असे म्हणता येत नाही. दहा भाषांतील रोजच्या संभाषणांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात होय-नाही स्वरूपाच्या प्रश्नानंतर उत्तर यायला सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग लागत होता. जपानीतही क्रियापद शेवटी येते, तरी सर्वांत झटपट उत्तरे जपानीतच मिळाली आणि सर्वांत सावकाश डॅनिशमध्ये. ऐकणारा वाक्य संपण्याची वाट पाहत नाही; ते कुठे संपणार हे तो आधीच ताडतो.

ओघवत्या बोलण्याबद्दलही एक गैरसमज आहे. ‘म्हणजे’, ‘काय आहे की’, लांबवलेला ‘अं’ यांना आपण अडखळणे समजतो, पण ‘माझे अजून संपलेले नाही’ ही खूण त्यांतूनच समोरच्याला मिळते. जो वक्ता हे शब्द कटाक्षाने टाळून श्वासासाठी नुसता थांबतो, त्याची ती शांतता मुलाखतकाराला वाक्याचा शेवट वाटू शकते.

पुढची मुलाखत पाहताना मुलाखतकार नेमक्या कोणत्या शब्दावर आत शिरला, ते टिपून ठेवावे. मूळ प्रश्नाला बगल देऊन नेता दुसरीकडेच वळल्यावर तो शिरला असेल, तर त्याला दोष देऊ नये; ‘दिलेला’ आणि ‘नाही’ यांच्या मध्ये शिरला असेल, तर अवश्य द्यावा.