लंडनची एमएस्सी की इथली पीएचडी: तीस लाखांची उचल घेण्याआधी

"ताई, समाजशास्त्रात पैसा नाही हे मला माहितीये, त्यावर लेक्चर नको" असं तू मेलमध्ये वरतीच लिहून ठेवलंयस, त्यामुळे ते लेक्चर देत नाही, थेट हिशोबाला बसू. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. वय २९, मूळची कराडची, पुण्यातून समाजशास्त्रात एमए, गेली ४ वर्षं ७ महिने एका मार्केट रिसर्च कंपनीत, हातात ४६ हजार. नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) दिली आणि जेआरएफसकट (पीएचडी करताना दरमहा मिळणारी सरकारी फेलोशिप) निघाली (मनापासून अभिनंदन, तू हे एका ओळीत उरकलंयस पण ही साधी गोष्ट नाही). आता लंडनच्या एका विद्यापीठाची समाजशास्त्राच्या एक वर्षाच्या एमएस्सीची ऑफर आलीये, सगळा खर्च धरून ३८ लाख, त्यात ३० लाख कर्ज साडेदहा टक्क्यांनी, ४ लाख तुझे, ४ वडिलांच्या रिटायरमेंटच्या पैशातले, आणि तारण कराडचं घर. दुसरीकडे इथंच पीएचडीला प्रवेश मिळतोय. विषय ऊसतोड कामगार. कोणतं परवडेल, असं विचारलंयस.

माझं मत आधीच सांगून टाकते, लंडन नको. आणि ते समाजशास्त्र आहे म्हणून नको असं नाही, उलट तुला समाजशास्त्रच करायचंय म्हणून नको. का ते सांगते.

३० लाखाला साडेदहा टक्के म्हणजे वर्षाला ३ लाख १५ हजार नुसतं व्याज. कोर्सचं एक वर्ष आणि नंतरचं एक वर्ष बँक हप्ता मागणार नाही, पण व्याज काही थांबत नाही, ते मागे साठतं, म्हणजे दोन वर्षांनी तू ३० नाही तर साधारण ३६ लाख ३० हजार देणं लागतेस. १० वर्षांत फेडायचं तर हप्ता ४९ हजार. बँकवाले म्हणतील मॅडम १५ वर्षं करा, हप्ता ४० हजारांवर येईल, येतोच, पण एकूण ७२ लाख जातात. परत आल्यावर ७५-८० हजारांची नोकरी मिळेल असं तू धरलंयस, ते अगदीच हवेत नाही, संशोधन संस्था, मोठ्या एनजीओ, सीएसआर अशा ठिकाणी मिळू शकते, पण त्यातले ४९ गेले की उरतात २६ ते ३१, म्हणजे आज जेवढे हातात येतात त्याहून कमी, आणि वय तोवर ३१-३२.

आता खरी गोम. एवढा हप्ता मागे असताना तू पीएचडी करू शकशील का? ३७ हजारांच्या फेलोशिपवर ४९ हजारांचा हप्ता कसा भरणार? नाही भरता येणार. म्हणजे समाजशास्त्रासाठी काढलेल्या कर्जापायी दहा वर्षं समाजशास्त्र सोडून कन्सल्टिंग नाहीतर परत मार्केट रिसर्चच करावं लागेल, जे आत्ताही करतेयस, फुकटात. तुझ्या विषयातलाच शब्द वापरते, रागावू नकोस, ही उचलच आहे. मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली की पुढचे सहा महिने कोयता (ऊस तोडणारी नवराबायकोची जोडी) कुठल्या फडात जाणार ते ठरवायचा हक्क जातो, हे तू माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं जाणतेस, एमएला प्रबंधच त्यावर लिहिलायस म्हणतेस. मग स्वतःच्या बाबतीत ते दिसत कसं नाही गं?

आणि अजून एक, हे पैशाचं नाही पण पैशाशी जोडलेलं आहे. तिकडच्या एक वर्षाच्या कोर्सात प्रबंधाचं काम येतं उन्हाळ्यात, जून ते ऑगस्ट. आपल्याकडं गाळप हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत. म्हणजे तुला फील्डवर्कला सुट्टी मिळेल तेव्हा फडात एक कोयता सापडणार नाही, सगळे बीडकडं आपापल्या गावी परतलेले असतील. ३८ लाख घालून ज्या विषयासाठी जायचं तो विषय कराडच्या बसस्टँडपासून अर्ध्या तासावर आणि तू लायब्ररीत बसून त्याबद्दल वाचणार. आता गावी परतलेल्या माणसांचाही अभ्यास होतो, मान्य, पण तो करायलाही विमानानं बीडलाच यावं लागेल ना.

तू इरावती कर्व्यांचं उदाहरण दिलंयस, की त्याही कर्ज काढूनच जर्मनीला गेल्या होत्या. खरंय, जीवराज मेहतांनी पैसे दिले होते, आणि घरच्या मोठ्यांचा विरोध असताना गेल्या. पण त्या तिथं डॉक्टरेट करायला गेल्या होत्या. तू जातेयस ती जवळपास तीच पदवी परत घ्यायला जी तुझ्याकडं आहे. आणि समाजशास्त्रज्ञ घुर्ये केंब्रिजला गेले ते मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर. म्हणजे बाहेर जाऊ नये असं माझं म्हणणंच नाही, आपल्या पैशानं मास्टर्स करायला जाऊ नये एवढंच. अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठांत पीएचडीला घेतात तेव्हा बहुतेक वेळा फी माफ आणि वर स्टायपेंड देतात, तिकडं अर्ज कर, एक वर्ष घालव त्यात. ब्रिटन सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती बघ, दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात तो तुझ्याकडं आहेच, फक्त नंतर दोन वर्षं भारतात परत यावं लागतं. कॉमनवेल्थ शिष्यवृत्ती बघ. मिळाली तर लंडनला जा आणि मला फोटो पाठव.

मैत्रीण तिकडंच राहिली म्हणतेस. नियम बदललेत. मास्टर्सनंतर दोन वर्षं राहायला मिळत होतं, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना ते दीड वर्षच मिळणार. स्पॉन्सर करणाऱ्या नोकरीला पगाराची अट वर्षाला ४१,७०० पौंडांची झालीये, नव्यानं लागणाऱ्यांना सवलत आहे पण तीही कमीच आहे. कॉम्प्युटरवाल्यांना हे जमून जातं, समाजशास्त्राच्या मुलीला दीड वर्षात अशी नोकरी मिळेल या भरवशावर आईवडिलांचं घर ठेवायचं नाही. आणि त्या घरात भावाचाही वाटा आहे, त्याला विचारलंयस का? मेलमध्ये त्याचं नाव एकदाही नाही.

आता इथली बाजू. जेआरएफ पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, नंतरची तीन वर्षं ४२ हजार. बेरीज केली तर पाच वर्षांत बरोब्बर २४ लाख, होस्टेल मिळालं नाही तर घरभाडं वेगळं, वर किरकोळ खर्चाला वर्षाला पहिली दोन वर्षं १० हजार आणि मग साडेवीस हजार. आणि शिक्षणासाठीची फेलोशिप म्हणून यावर साधारणपणे टॅक्स लागत नाही. नोकरीत राहिलीस आणि दरवर्षी ७ टक्के वाढ धरली तर पाच वर्षांत हातात येतील साधारण पावणेबत्तीस लाख. फरक पावणेआठ लाख, घरभाडं मिळालं तर त्याहून बराच कमी. लोक म्हणतात ना पीएचडी म्हणजे पाच वर्षं वाया, बघ, ती पाच वर्षं एवढ्याला पडतात. एकीकडं पाऊण-एक कोटीच्या घरातली भाषा आणि दुसरीकडं पाच-सात लाख, यात तुलना करायला काय आहे तेच मला कळेना.

पण खरा खर्च लपलेला असतो तोही सांगते, नाहीतर म्हणशील ताईनं गोड गोड सांगितलं. तुझी १० हजारांची एसआयपी चालणार नाही. तुझा खर्च २४ हजार, घरी ५ हजार, म्हणजे २९. (४६ मधून हे आणि एसआयपी गेले की ७ हजार राहतात, ते कुठं जातात याचा तुझ्या मेलमध्ये पत्ता नाही, असो.) ३७ मधून २९ गेले, उरले ८. त्यातले ४ एसआयपीला ठेव, ४ अडीअडचणीला. म्हणजे महिना ६ हजार कमी गुंतवले जाणार, पाच वर्षं. १० टक्के परतावा धरला तर साठीच्या आसपास त्याचे ५० लाख झाले असते. आकडा ऐकून घाबरू नकोस, महागाई ६ टक्के धरली तर आजच्या पैशात ते पावणेनऊ लाखांच्या आसपास. पीएफही पाच वर्षं थांबेल. ही किंमत आहे, ती नाही असं म्हणायचं नाही, पण ती तू सोसू शकतेस, कारण वडिलांना पेन्शन आहे आणि डोक्यावर कर्ज नाही.

आणि पीएचडीनंतर काय, तर इथं मी तुला स्वप्न विकणार नाही. असिस्टंट प्रोफेसरची सुरुवात ५७,७०० बेसिकवर, भत्ते वेगळे, पण ती कायम जागा मिळायला हवी. माझा मावसभाऊ नेट होऊन ११ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय, मानधन कधी दिवाळीनंतर येतं कधी मार्चला एकदम, उन्हाळ्यात काहीच नाही, आणि कायम जागेच्या मुलाखतीला गेलं की बाहेर कुणीतरी "दर" सांगतं. तू त्या रांगेत उभी राहू नकोस म्हणून सांगतेय. खरं तर नुसत्या त्या नोकरीसाठी पीएचडी लागतही नाही, २०२३ पासून नेट किंवा सेट (राज्य पातळीवरची तशीच परीक्षा) पुरते. पीएचडी कर ती संशोधनासाठी, आणि आत्ताचं सर्व्हेचं, आकडेमोडीचं कौशल्य गंजू देऊ नकोस, सॅम्पलिंग येणारी आणि फडात जाऊन कोयत्याशी बोलता येणारी अशी दोन्ही जमणारी माणसं फार नाहीत, तीच तुझी पोटापाण्याची दुसरी बाजू. फक्त जेआरएफ घेताना पूर्ण वेळची नोकरी चालत नाही, म्हणून मॅनेजरनं "अर्धवेळ ये" म्हटलं तरी आधी विद्यापीठाकडून लेखी विचारून घे. पार्ट-टाइम पीएचडी करता येते पण मग फेलोशिप नाही.

(ज्यांना जेआरएफ मिळालेली नाही अशांनी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएचडी फेलोशिप बघाव्यात, आपल्याला कुठली लागू होते ते तपासून. आणि त्यांचे पैसेही वेळेवर येतात असं धरून चालू नये.)

वेळेवर न येण्याचंच पुढं. जेआरएफचे पैसे कधी कधी तीन-चार महिने तुंबतात, विद्यापीठाच्या क्लार्कनं पोर्टलवर महिन्याची नोंद केली नाही एवढंच कारण पुरतं. म्हणून नऊ महिन्यांचा खर्च बाजूला पाहिजे, २९ गुणिले ९ म्हणजे २ लाख ६१ हजार. तुझी अडीच लाखांची एफडी आहे तिला हात लावायचा नाही, ती फील्डवर्कचं पाकीट नाही. म्युच्युअल फंडातले २ लाख ९० हजार तसेच पडू दे. पीएफ काढू नकोस, कितीही मोह झाला तरी.

आणि राजीनामा लगेच टाकू नकोस! तुझी पाच वर्षं पूर्ण व्हायला पाच महिने आहेत. बेसिक २३ हजार म्हणतेस, पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटी साधारण ६६ हजार मिळते, आत्ता सोडलंस तर ती घालवून बसशील. पाच महिन्यांचा पगार मिळेल तो वेगळाच. जेआरएफच्या पत्रावर ते कधीपर्यंत चालतं ते लिहिलेलं असतं आणि विद्यापीठाची रुजू व्हायची शेवटची तारीखही असेल, या दोन्ही बघून जमत असेल तर तेवढं थांब. नोकरी सुटली की कंपनीचा मेडिक्लेम त्याच दिवशी संपतो, तर आधीच स्वतःचा १० लाखांचा घेऊन ठेव, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढंच बरं. आईवडिलांचा वेगळा काढ, तुझ्यातच घुसवू नकोस.

लंडनवाल्यांनी सीट धरायला डिपॉझिट मागितलंय आणि तारीख २० आहे म्हणतेस. आधी त्यांना विचार की प्रवेश एक वर्ष पुढं ढकलता येतो का आणि स्कॉलरशिपचा अर्ज त्यावर चालतो का. "हो" असं लेखी आलं तरी डिपॉझिट भरण्याआधी रिफंडची अट मला पाठव, मी वाचून सांगते. आणि भावाशी बोल या रविवारी.